सरकार आलं

मिठागरात हात गुंतलेले असतात, तोंड मोकळं असतं. त्यामुळे आमच्या मोरव्याच्या टोळीत किस्से मिठासारखेच ढिगानं साचतात. मी सातवीतून शाळा सोडून इथं आलो. बोलतो कमी, म्हणून माझ्याकडे जरा जास्तच शिल्लक राहिलेत. पटकीची साथ आली त्या वर्षाचे तर सगळेच.

*

आमच्यातल्या काशिनाथला साथीपुरती आरोग्य खात्यात नोकरी लागली. काम काय, तर विहिरींत औषधाची पावडर टाकायची. खाकी शर्ट घालून आला तसा टोळीतला बाळ्या ओरडला, "उठा रे, सरकार आलं!"

तेच नाव पडलं. बाळ्याची आईसुद्धा त्याला सरकार म्हणायला लागली. इतके दिवस आम्ही सरकारला पाठीमागे शिव्या घालायचो, आता तोंडावर घालायची सोय झाली!

*

ट्रान्झिस्टरवर सांगितलं, पाणी उकळून प्या. बाळ्या भडकला. "उकळून? रेशनवर रॉकेल कुठंय? बोल ना सरकार!"

काशिनाथ म्हणाला, "मला काय विचारतोस? सरकारच्या घरी पण ओली लाकडंच आहेत!"

*

डोंगरीला मी त्याच्यासोबत गेलो होतो. तिथं नुकतीच पटकीनं दोन माणसं गेली होती. पावडर विहिरीत पडली आणि गावच्या पोरांनी आम्हाला घेरलं. एकानं काशिनाथची कॉलर धरली. "इख टाकलंस पान्यात! आधी तू पी!"

काशिनाथ तांब्याभर प्यायला.

"आता सांज होईस्तवर बस हितंच. न्हाय मेलास तर जा."

बसलो. उन्हं कलली तसा काशिनाथ हळूच म्हणाला, "निदान चहा तरी पाजा."

तो पोरगा म्हणाला, "कुठल्या पान्याचा?"

*

सुया टोचणारे आले तेव्हा बाळ्या दारात आडवा उभा. "ही पटकीची सुई नाही, नसबंदीची आहे! सगळा सरकारचा डाव!"

"बाळ्या, आधी तुझं लग्न तरी ठरू दे!" काशिनाथ म्हणाला. सगळे हसले. सुई मात्र त्या घरात कुणीच घेतली नाही.

*

आठवड्याभरातच बाळ्याच्या आईला उलट्या-जुलाब सुरू झाले. दवाखान्याची गाडी काही येईना. शेवटी काशिनाथनं मिठाची हातगाडी आणली, आईला गोणपाटावर निजवलं. बाळ्या पुढून ओढत होता, काशिनाथ मागून ढकलत होता, मी तिचं डोकं धरून बाजूनं पळत होतो. डोळे खोल गेलेले. हाक मारली तरी ओ देत नव्हती.

बाळ्या रडत, धापा टाकत ओरडत होता, "गाडी नाही, रॉकेल नाही! मुडदा बसवला ह्या सरकारचा!"

गोणपाटावरून बारीक आवाज आला, "बाळ्या, सरकारला शिव्या नको देऊ रे. ढकलतोय तो मागनं."