सत्काराचे एकशे एकेचाळीस रुपये

दौंडला मालधक्क्याजवळ भाड्याच्या दोन खोल्यांत आमच्या संस्थेचा धर्मादाय दवाखाना होता. मी तिथं हिशेबाला लागले तेव्हा माझ्याकडे मॅट्रिकचं सर्टिफिकेट आणि टायपिंगची एक परीक्षा, एवढंच भांडवल होतं. वडील रेल्वेत फायरमन, त्यामुळे आमचं घर क्वार्टरमध्ये, दवाखान्यापासून चालत दहा मिनिटांवर. मी वेळेवर येईन या खात्रीवरच मला घेतलं असावं. दुष्काळ सरून एक-दोन वर्षं झाली होती. सोमवारी आणि गुरुवारी आमची जुनी जीप भीमा ओलांडून शिरूर तालुक्यातल्या चार गावांना जायची. जीपमध्ये डॉक्टरीणबाई, एक नर्स, ड्रायव्हर, औषधांच्या पेट्या आणि त्या पेट्यांवर कशीबशी बसलेली मी.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या होत्या. सरकारी नोकरी सोडून या कामात आलेल्या. त्यांचा एक नियम होता आणि त्या नियमानं माझा जीव खाल्ला. दर तीन महिन्यांनी संस्थेचा जमाखर्च चारही गावांत, लोकांसमोर मोठ्यानं वाचायचा. कुणी किती दिले, कशावर किती गेले, सगळं.

"बाई, ऑडिटर बघतात ना दरवर्षी. धर्मादाय कचेरीतही जातो हिशेब," मी एकदा म्हणाले.

"आपण पैसे कुणाच्या नावानं मागतो? कचेरीच्या?" त्या म्हणाल्या आणि इंजेक्शनच्या सुया उकळायला गेल्या.

म्हणून मी वाचायचे. चावडीच्या ओट्यावर उभी राहून, घसा ताणून. समोर पंधरा-वीस माणसं बसलेली, त्यातली निम्मी नंबर लागायची वाट बघणारी. कुणी तंबाखू मळतंय, कुणी शेजाऱ्याशी पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून वाद घालतंय. "सल्फाच्या गोळ्या" म्हटलं की एखादा म्हातारा विचारणार, "त्या पांढऱ्या का? त्यानं मला काय गुण न्हाई आला." मग त्याला बाईंकडे पाठवायचं, पुन्हा ओळ शोधायची. सगळा प्रकार मला खुळचटपणाचा वाटायचा. घरी येऊन मी आईजवळ कुरकुरायचे की या लोकांना औषध हवंय, आकडे कुणाला हवेत.

एका बाईला हवे होते. ती बौद्धवस्तीतली, साठीच्या आसपासची, दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणारी. आम्ही तिला मावशी म्हणायचो. औषधाला ती क्वचितच यायची, पण वाचनाला हटकून हजर, अगदी पुढे, गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण ऐकलेला आकडा ती विसरत नसे.

त्या दिवशी मी शेवटची ओळ वाचली, "किरकोळ खर्च, दोनशे सव्वीस रुपये," आणि वही मिटली.

"ताई, किरकोळ म्हंजी काय?"

"किरकोळ म्हणजे छोटेमोठे खर्च, मावशी."

"व्हय, पर कसले? दोनशे सव्वीस म्हंजी माझी तीन महिन्यांची मजुरी हाय. ती किरकोळ कशी?"

लोक तंबाखू मळायचे थांबले. मी म्हणाले, पावत्या दौंडला आहेत, आत्ता कसं सांगणार. मागून बाईंचा आवाज आला, "पुढच्या सोमवारी पावत्या घेऊन येऊ. सगळं फोडून वाचतील त्या." त्या म्हणजे मी.

तो आठवडा मी चिडचिडत काढला. बुटाच्या खोक्यातून पावत्या काढून एकेक लावत बसले. झाडू, घासलेट, पोस्टाची तिकिटं, जीपचं पंक्चर, शाईची बाटली. हे सगळं मिळून पंच्याऐंशी भरले. उरलेले एकशे एकेचाळीस एकाच दिवसाचे होते. शाल, श्रीफळ, हार, फोटोग्राफर आणि पाहुण्यांची जिलेबी-भजी.

हा सत्कार होता शिरूरच्या एका कापड व्यापाऱ्याचा, सगळे त्यांना शेठजी म्हणत. आमच्या जीपच्या पेट्रोलसाठी ते दर महिन्याला दोनशे रुपये देत. त्यांच्या पैशावर गुरुवारची फेरी चालायची. सत्काराची कल्पना आमच्या सेक्रेटरींची. ते रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. सगळे त्यांना आप्पा म्हणत. संस्थेसाठी उन्हातान्हात सायकलवर फिरून वर्गणी गोळा करणारा माणूस, पण त्यांना हार-तुऱ्यांची फार हौस. बाई त्या दिवशी पुण्याला औषधं आणायला गेल्या होत्या. परत आल्यावर त्यांना फक्त फोटो दिसला.

मी यादी आप्पांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती वाचली. "कार्यक्रम खर्च असं लिहा," म्हणाले.

मी तसं लिहिलंही. बाईंनी ते खोडलं. "कसला कार्यक्रम, तेही लिहा."

सोमवारी वाचन सुरू झालं तेव्हा गर्दी नेहमीपेक्षा जास्त होती. त्यातच शेठजींचा मुनीम बसलेला. गावात एका लग्नाचा बस्ता ठरवायला तो आला होता आणि कौतुकानं ऐकायला थांबला होता. मी त्याला ओळखलं नाही. झाडू वाचला, घासलेट वाचलं, आणि शेवटी वाचलं, "शेठजींच्या सत्काराचा खर्च, एकशे एकेचाळीस रुपये."

मावशीनं विचारलं, "त्या महिन्यात शेठनी दिलं किती?"

"दोनशे."

तिनं बोटांची पेरं मोजली. "म्हंजी पेट्रोलला ऱ्हायले एकोणसाठ."

लोक हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. मुनीम उठून गेला.

पुढच्या महिन्यात पेट्रोलचे पैसे आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. आप्पा दोनदा शिरूरला जाऊन आले, दोन्ही वेळा शेठ दुकानात नव्हते. गुरुवारची फेरी बंद झाली. मला इतका संताप आला की कुणावर काढावा कळेना. नियम बाईंचा, हौस आप्पांची, प्रश्न मावशीचा, आणि वाचणारी मी. गुरुवारी बाळंतिणींना तपासायचं, तेही सगळं सोमवारवर आलं. सोमवारी आम्ही दिवे लागायच्या वेळेपर्यंत गावातच.

अशाच एका गुरुवारी मावशी स्वतः दौंडच्या दवाखान्यात आली. खुरपं लागून पायाला जखम झाली होती आणि ती चिघळली होती. अर्धी वाट चालत, अर्धी एका ट्रकमधून आली होती. नर्स पट्टी बांधत होती आणि मला राहवलं नाही.

"बघा मावशी. गुरुवारची जीप असती तर तुम्हाला असं यावं लागलं नसतं. एका प्रश्नानं काय होऊन बसलं."

ती पायाकडेच बघत होती. "ताई, मी इचारलं. सत्कार मी केला न्हवता."

मी आणखीच चिडले. तेवढ्यात बाई आतून बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला म्हणाल्या, "उद्या शिरूरला जाऊ. तुम्ही आणि मी. हिशेबाची वही घ्या."

शेठजी दुकानात होते. बाईंना बघून उठले, गादीवर जागा केली, चहा सांगितला. मला वाटलं, आता हे पैशांचं सुनावतील. पण त्यांचं दुःख भलतंच होतं.

"बाई, मी शाल मागितली होती का?" ते म्हणाले. "माझं कापडाचं दुकान आहे. मागं बघा, शालींची चवड लागलीय. मला कुणी शाल कशाला द्यावी? आणि ती घेतली कुठून, तर माझ्या समोरच्या दुकानातून. मी तेव्हाही गप्प बसलो. आता चार गावं म्हणतात की शेठनं दोनशे दिले आणि एकशे एकेचाळीस अंगावर घालून नेले."

बाई म्हणाल्या, "चूक आमची आहे. पण वाचायचं मी थांबवणार नाही."

"थांबवा असं मी म्हणत नाही," शेठ वैतागून म्हणाले. "वाचा. पण पूर्ण वाचा. मी मागितली नव्हती हेही वाचा." त्यांनी आतून शाल आणवली, घडी न मोडलेली, आणि माझ्यापुढे ठेवली. "ही घेऊन जा. आणि पावती द्या."

शालीची पावती कशी लिहायची हे मला कुणी शिकवलं नव्हतं. त्यांच्या गादीवर बसून मी लिहिलं, "एक शाल, वापरलेली नाही, परत मिळाली." शेठनी ती दोनदा वाचली, खिशात घातली आणि दोन महिन्यांचे चारशे रुपये मोजून दिले. परतीच्या एस.टी.त बाई खिडकीला डोकं टेकून झोपल्या. मी शाल मांडीवर घेऊन शिरूर ते दौंड मनातल्या मनात सगळ्यांशी भांडत आले.

पुढच्या वाचनाला आप्पा स्वतःहून आमच्याबरोबर आले. मी वाचलं, की शाल परत आली आहे, ती बाळंतिणींना जीपमध्ये पांघरायला ठेवली आहे, आणि शेठजींनी सत्कार मागितलेला नव्हता. मला वाटलं, झालं एकदाचं.

"मंग मागितला कुणी?" मावशीनं विचारलं.

मी बाईंकडे बघितलं. बाई वहीकडे बघत होत्या. आप्पा माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"मी केला," ते म्हणाले. "देणाऱ्याचा मान राखला तर तो पुढंही देईल, असं मला वाटलं. बाईंना न विचारता केला. ते पैसे मी भरतो, तीन हप्त्यांत."

कुणी हसलं नाही. एका म्हाताऱ्यानं सरकून त्यांना बसायला जागा केली. मावशी म्हणाली, "समदं नगा भरू, आप्पा. जिलेबी तर पाव्हण्यांनी खाल्ली." यावर मात्र आप्पा स्वतःच हसले. त्यांनी सगळे भरले. शेवटचा हप्ता त्यांनी मला दिला तेव्हा पावती मागून घेतली.

गुरुवारची फेरी पुन्हा सुरू झाली. त्यानंतर बाईंनी ठरवलं की मावशीला संस्थेच्या कमिटीवर घ्यायचं. मी विरोध केला. तिच्या प्रश्नांमुळे गावात एक पान वाचायला मला आधीच तास लागत होता. मावशीनंही नाही म्हणून सांगितलं. कमिटीची बैठक दुपारी असायची आणि दुपारी तिची मजुरी बुडायची. मला हायसं वाटलं. पण बाईंनी बैठकच तिच्या गावात ठेवली, रानातून माणसं परतल्यावर.

पहिल्याच बैठकीत मावशीनं पेट्रोलचा दर विचारला, औषधं पुण्यात कुठल्या दुकानातून घेतो ते विचारलं, आणि माझा पगार विचारला. मी सांगितला. तिनं मान हलवली आणि म्हणाली, "कमी हाय." कमिटी त्यावर पुढच्या वेळी विचार करू म्हणाली. तोवर शेवटची एस.टी. निघून गेली होती. जीप एका अडलेल्या बाईला घेऊन दौंडला गेलेली. ती परत येईपर्यंत मी चावडीच्या ओट्यावर बसून राहिले. शेजारी मावशी बसली आणि घासलेट कुणाकडून घेता ते विचारू लागली.