मी हितंच हाय

“तुमचं हृदय ठणठणीत आहे,” डॉक्टर म्हणाले, आणि मला आनंद व्हायचा सोडून त्यांचा राग आला.

सकाळी शाळेला जाताना एसटीत छातीत कळ आली होती. घसा आवळला, हातापायांना मुंग्या आल्या आणि आता आपण मरणार याबद्दल काही शंका उरली नाही. कोल्हापूरचे प्रवासी अशा वेळी चर्चा करत बसत नाहीत. त्यांनी ड्रायव्हरला गाडी वळवायला लावली आणि अख्खी बस मला घेऊन दवाखान्याच्या दारात उभी राहिली. ईसीजी झाला, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख. टूडी इको झाला, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. रक्तही तपासलं. सगळं नॉर्मल. एवढ्या लोकांचा खोळंबा करून माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं.

“याला पॅनिक अटॅक म्हणतात,” डॉक्टर म्हणाले. “धोका नसताना शरीर धोक्याची घंटा वाजवतं. त्रास खरा असतो, पण त्याने माणूस मरत नाही.” त्यांनी मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला सांगितलं. माझे यजमान बाहेर आल्यावर म्हणाले, “ग्यास झाला असंल. सोडा पी, बरं वाटंल.”

सोड्याने बरं वाटलं नाही. पुढचा अटॅक पुन्हा बसमध्ये आला, त्याच्या पुढचा स्टँडवर आणि मग तर बसचा नुसता विचार केला तरी येऊ लागला. मी वारणानगरच्या बाजूला एका हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. घर कोल्हापुरात. बस टाळायची म्हणजे शाळाच टाळायची. मी मोठी रजा टाकली आणि घरात नोकरी सोडायचा विषयही काढला. शिकवणं सोडून मला दुसरं काही मनापासून आवडत नाही. ते हातचं जाणार म्हणून मी रडलेसुद्धा.

मानसोपचाराच्या डॉक्टर पुण्याहून इकडे आलेल्या होत्या. वेटिंग रूममध्ये मी तोंडाला पदर लावून बसले होते, ओळखीचं कुणी भेटेल म्हणून. भेटलीच एक, आणि तीही तपासून घ्यायलाच आली होती. दोघींनी एकमेकींना हवापाणी विचारलं.

डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि जोडीला हिप्नोथेरपी सुचवली. म्हणजे संमोहन उपचार. “ही झोप नाही आणि भूलही नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला सगळं ऐकू येईल. वाटलं तर मधेच उठून जाता येईल. लक्ष एका जागी गोळा झालं की मन सूचना सहज घेतं, त्याचा उपयोग करायचा.”

माहेरी मुरगूडला फोन करून आईला हे सांगितलं. “मोहिनी घालत्यात व्हय तुला?” आई ओरडली. “थांब, मी येतो.” आणि दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन हजर झाली.

पहिल्या सेशनला मी आरामखुर्चीत डोळे मिटून पडले. डॉक्टरांचा आवाज छान, संथ. खांदे सैल सोडा. जबडा सैल सोडा. मग म्हणाल्या, “आता मनात म्हणा, मी शांतपणे श्वास घेते आहे. मी सुरक्षित आहे.” मी म्हटलं. वाक्य शुद्ध होतं, व्याकरणात खोट नव्हती. पण ते दुसरीच कुणी बाई म्हणतेय आणि मी तिचा पेपर तपासतेय असं वाटत राहिलं. पुढच्या सेशनलाही तेच झालं. संमोहन होणाऱ्यातली मी नव्हेच, असं मी ठरवून टाकलं.

मग एका दुपारी घरात अटॅक आला. आई शेंगा फोडत बसली होती. मी स्वयंपाकघराची चौकट धरली आणि ओरडले, “आई, मी मरतो आता!”

“मरत न्हाईस,” आई म्हणाली. “खाली बस. मी हाय की हितं.” तिने शेंगांचं सूप बाजूला केलं, माझी पाठ धरली आणि माझा दम सरळ होईपर्यंत तेवढंच म्हणत राहिली.

डॉक्टरांना हे जसंच्या तसं सांगितलं तेव्हा त्यांनी मला थांबवलं. “मरतो? मरते नाही?”

मला हसू आलं. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल पुरुषासारखंच बोलतात. मी आलो, मी गेलो, मी जेवलो. मीही मुरगुडात तसंच बोलायची. मग बी.एड.ला ते घासून काढलं, आणि आता मुलींच्या वह्यांत ‘मी आलो’ दिसलं की लाल पेनाने ‘आले’ करते. इतक्या वर्षांत माझ्या तोंडून ते कधी निसटलं नव्हतं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “म्हणजे मी चुकीच्या बाईशी बोलत होते,” त्या म्हणाल्या. “जी घाबरते तिच्या भाषेत सांगू या. तुम्हीच सांगा वाक्य.”

वाक्य ठरलं : मी दम घेतो. मी हितंच हाय. डॉक्टरांनी ते त्यांच्या पुणेरी आवाजात म्हणून बघितलं. ‘हाय’ असं काही निघालं की जणू कुणीतरी मैत्रिणीला हात करतंय. डोळे मिटलेल्या अवस्थेत मी खुदकन हसले, त्याही हसल्या. शेवटी मीच ते मनात म्हणायचं ठरलं, सोबत अंगठा आणि तर्जनी दाबून धरायची. याला अँकर म्हणतात, म्हणजे शांत अवस्थेची खूण. त्या दिवशी पहिल्यांदा माझे खांदे खरंच खाली आले. उठल्यावर मला शेंगा खाव्याशा वाटल्या.

तुमच्यापैकी कुणाला हा त्रास असेल तर आधी हृदय तपासून घ्या, उगाच अंदाज बांधत बसू नका. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. आणि संमोहनात कुणी तुमच्यावर काही करतं असं समजू नका. रोज घरी सराव करावा लागतो, आणि तो कंटाळवाणा असतो. माझे अटॅक एका झटक्यात गेले नाहीत, विरळ होत गेले.

रजा संपली त्या दिवशी मी एकटी स्टँडवर गेले. यजमान सोडायला येतो म्हणाले होते, त्यांना नको म्हटलं. खिडकीजवळ बसले. गावाबाहेर पडायच्या आतच घसा आवळायला लागला. हात गार पडले. मी बोटं दाबली आणि वाक्य सुरू केलं. मनात म्हणायचं होतं, पण भीतीने ते तोंडातून मोठ्याने बाहेर पडलं. “मी हितंच हाय!”

शेजारी एक बाई टोपली घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

“हितंच हाईसा ते दिसतंय की मला,” ती म्हणाली. “पर वाईच सरका तिकडं. मी पण बसतो.”

मी सरकले. वारणानगर येईपर्यंत ती आपल्या सुनेबद्दल बोलत होती, आणि मी ऐकत होते.