राउंडअबाउटवरचा गणपती

उल्का खैरनार आमच्या वरच्या मजल्यावर राहते. आमची ओळख जिन्यात झाली. २०१२ साल असेल. दोहातल्या फरीज बिन ओमरान भागातल्या आमच्या बिल्डिंगची लिफ्ट त्या दिवशी बंद होती आणि मी खालच्या मन्सूरच्या दुकानातून तांदळाची दहा किलोची पिशवी घेऊन चढत होते. मागून ही आली, न विचारता पिशवीचं एक टोक धरलं आणि म्हणाली, "पावती ठेवलीत ना? किडे निघाले तर बदलून देतो तो." नाव-गाव नंतर विचारलं.

तिची नोकरीच तशी आहे. एका बांधकाम कंपनीत ती डॉक्युमेंट कंट्रोलर. म्हणजे काय, हे मला समजायला दोन वर्षं लागली. वर्ल्ड कपसाठी स्टेडियम बांधायचं तर हजारो नकाशे लागतात. नकाशा सुधारला की त्याला नवा नंबर मिळतो. मग जुन्यावर 'रद्द' असा लाल शिक्का मारायचा आणि साइटवर ज्याच्या ज्याच्या हातात तो असेल त्याच्याकडून काढून घ्यायचा. उल्का दिवसभर हेच करते. जुना कागद साइटवर राहिला की खांब चुकीच्या जागी उभा राहतो, असं तिचं म्हणणं.

तिचे मिस्टर सुरेश दुखानला तेलकंपनीत. तिथे कंपनीच्या कॉलनीत घर मिळत होतं, पण लेकीची, नुपूरची शाळा आणि उल्काची नोकरी दोहात. म्हणून सुरेश गुरुवारी संध्याकाळी गाडी घेऊन यायचे आणि रविवारी पहाटे जायचे. एरवी घरात मायलेकीच, आणि त्यांच्या मध्ये एक कॉम्प्युटर.

नुपूर नऊ वर्षांची असताना तिला ठोकळ्यांचा तो खेळ लागला. त्यात एक रिकामं जग मिळतं. माती, दगड, वाळू, पाणी, सगळं चौकोनी, आणि आपण एकेक ठोकळा ठेवून हवं ते बांधायचं. जग तसंच जपून राहतं, उद्या उघडलं की काल सोडलं तिथून पुढे. उल्काने आधी सगळ्या आया करतात तेच केलं, वेळ ठरवून दिली. मग एकदा शेजारी बसून बघता बघता म्हणाली, "ह्या बिल्डिंगला पाच मजले आहेत, तू चारच केलेस." झालं. त्या दिवसापासून खेळणाऱ्या दोघी.

त्या वर्षांत दोहा रोज बदलत होतं. मेट्रोसाठी रस्ते खणले, पूल आले, काल ज्या रस्त्याने गेलो तो आज पत्रे लावून बंद. आमच्या कोपऱ्यावर एक राउंडअबाउट, म्हणजे गोल चौक होता, मध्ये खजुराची चार झाडं आणि भोवती बोगनवेल. एक दिवस तिथे पिवळी यंत्रं आली आणि महिन्याभरात सिग्नल उभा राहिला. बिल्डिंगमधली सगळी हळहळली, नुपूर नाही. तिने तो आधीच मोजून ठेवला होता. शुक्रवारी सकाळी ऊन चढायच्या आत मायलेकी बाहेर पडायच्या, उल्काच्या हातात वही, आणि जे जे पाडणार असं कळलं असेल त्याच्या खिडक्या, पायऱ्या, दिव्याचे खांब मोजून यायच्या. मग ते त्यांच्या जगात उभं राहायचं. मन्सूरच्या दुकानाची जुनी हिरवी पाटी तिथे आहे. शाळेचं पहिलं फाटक आहे. माझी बाल्कनीसुद्धा आहे, तुळशीसकट. तुळस हिरव्या लोकरीच्या ठोकळ्याची, पण वर गेले की मी तिला एकदा बघून घेते.

गणपतीचं त्यानंतर सुरू झालं. इथे आपला गणपती घरातल्या घरात. बाल्कनीत बादली भरायची, आरती म्हणायची, मूर्ती हळूच पाण्यात सोडायची आणि विरघळलेली माती तुळशीला घालायची. नुपूरला मंडप हवा, रोषणाई हवी. मग तिने खेळात एक कोरं जग घेतलं, त्यात गणपती बसवला, दहा दिवस दिवे लावले. अनंत चतुर्दशीला प्रश्न आला, ह्याचं विसर्जन कसं? तर म्हणे, अख्खं जगच डिलीट करायचं.

मला ते कसंतरीच वाटलं. देवाला बटण दाबून पुसायचं? संध्याकाळी दिवा लावताना तेच डोक्यात होतं. मग वाटलं, बादलीत तरी मी काय करते? आणला, पुजला, सोडला. आपल्या हातून सुटायला हवं, एवढंच तर आहे. पुढच्या वर्षी आरतीचं ताट मीच वर घेऊन गेले. तेव्हापासून दरवर्षी तसंच. नवं जग, नवा बाप्पा, आणि दहाव्या दिवशी डिलीट.

२०२२ला नुपूर पुण्यात, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. वर्ल्ड कप अडीच महिन्यांवर आला होता आणि उल्काच्या ऑफिसात श्वास घ्यायला वेळ नव्हता. तरी तिने गणपती केला, एकटीने. आणि एकटीनेच करायचा म्हणून असेल, तिला तो कोऱ्या जगात करवेना. बाप्पाला तिने आपल्या राउंडअबाउटवर बसवायचं ठरवलं. मूळ जगाला धक्का नको म्हणून त्याची एक अख्खी नक्कल काढली आणि त्या नकलेत, खजुराच्या चार झाडांच्या मध्ये, वाळूचा गणपती बांधला. कतारचा बाप्पा दुसऱ्या कशाचा असणार, म्हणाली. त्या खेळात वाळूचा आधार काढला की ती खाली पडते, म्हणून सोंड पोटाला चिकटवावी लागली. बाप्पा जेवून बसलाय, उठायचं नाव घेत नाही, असं सुरेश म्हणाले.

विसर्जन शुक्रवारी आलं, सुट्टीच्या दिवशी. दुपारी माझा गणपती बादलीत सोडून, खिरापतीचा डबा घेऊन मी वर गेले. सुरेशच्या हातात झांजा. फोनवर नुपूर, पुण्यात मैत्रिणीच्या गॅलरीत. तिच्या मागे ढोल इतके की उल्काला आवाज कमी करावा लागला. आरती झाली, उत्तरपूजा झाली, स्क्रीनला अक्षता वाहिल्या. मग उल्का कॉम्प्युटरपाशी बसली.

यादीत एकाच नावाची दोन जगं होती. वर नवं, ज्यात दहा दिवस काम चाललं होतं ते. खाली जुनं. उल्काने खालचं निवडलं. खेळाने विचारलं, नक्की का, परत मिळणार नाही. तिने 'हो' दाबलं, ऑफिसात दिवसातून चाळीस वेळा दाबते तसं. सुरेशनी मोरया म्हटलं. उल्का हात जोडून उठायला लागली आणि अर्ध्यात थांबली. परत बसली, उरलेलं जग उघडलं. राउंडअबाउटवर बाप्पा बसलेले.

"मी जुनं काढलं," ती म्हणाली. "जुनं ते रद्द, ह्या सवयीने."

फोनवर पुण्याचे ढोल चालूच होते.

आधी मला वाटलं, सगळं गेलं. मग उल्काने समजावलं की नक्कल अख्खी होती, त्यामुळे दहा वर्षांचं सगळं ह्यातही आहे. पण आता एवढं एकच उरलं आणि त्यात बाप्पा. उत्तरपूजा झालेली, देवाला निघा म्हणून सांगितलेलं. नेहमीसारखं विसर्जन करायचं तर हेही डिलीट करायला हवं. म्हणजे राउंडअबाउट गेला, शाळेचं फाटक गेलं, नुपूरचं सगळं लहानपण गेलं. आणखी एखादी प्रत ठेवलीयस का, असं सुरेशनी विचारलं. ऑफिसात प्रत्येक कागदाच्या तीन प्रती ठेवणाऱ्या बाईने घरात एकही ठेवली नव्हती. दिव्याखाली अंधार, असं म्हणून सुरेश हसले, मग तिचा चेहरा बघून त्यांनी झांजा मांडीवर ठेवल्या.

उल्का हळूच म्हणाली, "देवाचं आहे. करायचं तर करायला हवं."

"आई, डोन्ट टच एनीथिंग," पुण्याहून आवाज आला.

मग मसलत सुरू झाली. सुरेश म्हणाले, खेळात कुदळ असते, एकेक ठोकळा काढून टाकू. मी म्हटलं, "गणपतीला कुदळ लावणार? माझ्यासमोर नाही." नुपूर म्हणाली, आणखी एक कॉपी काढ आणि ती डिलीट कर. मी विचारलं, म्हणजे एका बाप्पाला निरोप द्यायचा आणि तोच घरात बसून बघणार? त्यावर तीसुद्धा हसली. पुढच्या वर्षापर्यंत राहू दे म्हणावं, तर निरोप दिलेल्या पाहुण्याला कुणी वर्षभर दारात उभं करत नाही.

शेवटी सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला तो माउस धड हलवता येत नाही, पण देवाचं काही असलं की ह्या घरात मलाच विचारतात. स्क्रीनवर एका कोपऱ्यात माझी बाल्कनी दिसत होती, तुळस दिसत होती. आमच्या बाल्कनीत त्या वेळी बादली होती.

"उल्का," मी विचारलं, "आधार काढला की वाळू पडते ना?"

"हो."

"आणि खाली पाणी असलं तर?"

उल्काने खुर्ची पुढे ओढली.

सव्वा तास लागला. राउंडअबाउटच्या खाली शिरून तिने मोठी विहीर खणली, वर फक्त एक थर ठेवला, ज्यावर बाप्पा बसले होते. नुपूर ढोलाच्या वरताण आवाजात सूचना देत होती, आणखी खोल, डावीकडे, आई, युवर लेफ्ट. तिच्या मैत्रिणीही फोनवर वाकल्या. सुरेशनी दोनदा चहा केला. विहीर काठोकाठ भरली तेव्हा मी परत निरांजन लावलं.

उल्काने खालून थराचा एकेक ठोकळा काढला. बाप्पाला कुणी हात लावला नाही. आधी एक पाय पाण्यात गेला, मग दुसरा, मग पोटाचा एक पट्टा. चेहरा अर्धा राहिला तेव्हा मी मान खाली घातली. सुरेश झांज अगदी हलकी वाजवत होते. शेवटचा ठोकळा निघाला आणि उल्काने कडेला उभं राहून खाली पाहिलं. पाण्याच्या तळाशी बाप्पा पुन्हा अख्खे जमले होते. तेच पोट, तीच चिकटलेली सोंड.

"मीनाताई, हे चालेल का?" उल्का म्हणाली. "पुसला नाही गेला."

मी म्हटलं, "समुद्रात सोडलेला तरी कुठे पुसला जातो? पाण्याखाली गेला, आपल्या हातून सुटला. झालं विसर्जन."

मग मात्र पुण्यात त्या पोरींनी असा काही गजर केला की सुरेशनी घाईने आमची खिडकी लावून घेतली. उल्काने काय केलं, तर विहिरीच्या काठचा वाळूचा एक ठोकळा उचलला आणि त्या जगातल्या आपल्या घराच्या दारात नेऊन ठेवला. नाशिकला तिची आई विसर्जनाहून येताना गोदावरीची वाळू आणून पाटावर ठेवायची. मी शिकवलं नव्हतं, तिला आठवलं.

रविवारी ऑफिसातून येताना ती माझ्या दारात, हातात एक पेन ड्राइव्ह आणि एक कागद. त्या जगाची एक प्रत दुखानला, एक पुण्याला नुपूरकडे आणि एक माझ्या देवघरात, कारण तिथे कुणी हात लावत नाही. कागदावर पोच द्यायची होती. मी 'मिळाले' असं लिहून सही केली. ती म्हणाली, दर महिन्याला नवी प्रत येईल, जुनी परत करायची. खंडेनवमीला मी विळी आणि कात्रीच्या शेजारी त्या पेन ड्राइव्हलाही झेंडूचं फूल वाहिलं, हळदकुंकू मात्र लांबूनच.

नोव्हेंबरात नुपूर आली. बाहेर सगळ्या देशांचे झेंडे, मेट्रोत पाय ठेवायला जागा नाही, आणि ही मॅचला जायच्या आधी तासभर आईजवळ बसून विहिरीला कठडा बांधत होती. कठड्याला एक फाटकही ठेवलं, पुढच्या वर्षासाठी.

दुसऱ्या दिवशी उल्का कठडा असलेली नवी प्रत घेऊन खाली आली. मी देवघरातली जुनी काढून दिली. तिने दोन्ही पेन ड्राइव्ह उजेडात धरले, त्यांच्यावरचे नंबर दोनदा वाचले, रद्दचा लाल चिकट ठिपका बोटावर घेतला आणि लावायच्या आधी माझ्यापुढे धरून विचारलं, "मीनाताई, जुना हाच ना?"