पडणारा डबा

टेम्पो घ्यायचा हट्ट माझ्या नवऱ्याचा होता. त्यावर काय काढायचं, ते मात्र मी ठरवलं.

जळगावात नवीपेठेच्या मागे आमचं लहानसं दुकान होतं. दुकानांचे बोर्ड, कापडी बॅनर, लग्नमांडवातली नावं, मोटारसायकलच्या नंबरप्लेटा, जे येईल ते आम्ही रंगवायचो. अक्षरं नवरा काढायचा आणि चित्रं मी. चित्रकला शिक्षकाचा कोर्स करून मी शाळेत लागायचं सोडून त्याच्या दुकानात बसले होते आणि माहेरी ते कोणाला पचलं नव्हतं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आमच्याच रस्त्यावर आतून दिवे लावलेले प्लास्टिकचे बोर्ड करणारं मोठं दुकान निघालं आणि गिऱ्हाईक आमच्या दारावरून पुढे जायला लागलं. सकाळी दुकान उघडून आम्ही धुतलेलेच ब्रश पुन्हा धुवत बसायचो. एकमेकांशी बोलणंही कमी झालं होतं.

तो टेम्पो एका बेकरीवाल्याने काढून टाकला होता. बंद बॉडी, मागे दोन दारं, आत पावाचा वास. माल पोचवायला होईल आणि जाता-येता जाहिरातही होईल, असं नवऱ्याचं म्हणणं.

"दोन्ही बाजूंनी नाव-पत्ता टाकू, मोठ्या अक्षरात," तो म्हणाला.

"नाव-पत्ता सगळ्यांच्याच गाड्यांवर असतो," मी म्हणाले. "मागची दारं मला द्या."

मागच्या बंद दारांवर मी उघडी दारं काढली. आतला अंधार, रंगाने माखलेली फळी, पाठमोरी बसून बोर्ड रंगवणारी एक बाई. आणि फळीच्या अगदी काठावर कललेला लाल रंगाचा डबा. डब्याच्या ओठावर रंग जमलेला, एक ओघळ खाली निघालेला. डब्याची सावली मी खालच्या पत्र्यावर पाडली, दुपारी जशी पडेल तशी. सगळी मेहनत त्या सावलीत होती. त्याखाली दुकानाचं नाव.

नवरा लांब जाऊन बराच वेळ बघत उभा राहिला. मग म्हणाला, "लोक फसतील गं."

"फसले की थांबून बघतील. बघितलं की नाव वाचतील."

तसंच झालं. स्टेशन रोडला रिक्षावाले ओरडून सांगायचे, अहो, डबा पडतोय. भाजीबाजारात एक बाई टोपली खाली ठेवून डबा झेलायला धावली आणि मग स्वतःच पदर तोंडाला लावून हसत सुटली. जामनेरहून बाजाराला आलेली माणसं दुकान शोधत आली, 'पडणाऱ्या डब्यावाले तुम्हीच का' म्हणून. पुन्हा काम मिळू लागलं.

पण नवऱ्याला गाडी चालवायची भीती वाटायला लागली. डबा बघायला स्कूटरवाले नको इतके जवळ यायचे. तो रस्त्यापेक्षा आरशातच जास्त बघायचा. एकदा सिग्नलला सायकलवाला दारावर येऊन आदळला. लागलं नाही काही, पण त्या दिवशी नवरा जेवला नाही.

"डबा थोडा आत घे," तो म्हणाला. "काठावरून आत. एवढंच."

"मग त्यात राहिलं काय?" मी म्हणाले. पण त्याचा चेहरा बघून कबूल केलं. "बरं. धुळ्याचं काम झालं की घेते."

धुळ्याचं काम आम्हाला त्या डब्यानेच मिळवून दिलं होतं. तिथल्या एका कापडवाल्या शेठने जळगावात आमचा टेम्पो पाहिला आणि नव्या दुकानाचे सगळे बोर्ड आम्हालाच सांगितले. उद्घाटन दुसऱ्या दिवशी सकाळी. बोर्डांचा रंग जेमतेम वाळला होता. त्यांच्या मध्ये जुन्या गोधड्या घालून आम्ही दुपारी निघालो.

पारोळा मागे पडल्यावर एक ट्रक आमच्या मागे लागला. रावेरकडची केळी घेऊन सुरतेला चालला होता, ते नंतर कळलं. आधी हॉर्न, मग दिवे. नवऱ्याने हात बाहेर काढून पुढे जायची खूण केली. ट्रक उजवीकडून आला, पण पुढे जाईना. आमच्या बरोबरीने धावायला लागला. त्याच्या खिडकीतून एक माणूस कमरेपर्यंत बाहेर आला आणि मागे बोट दाखवून ओरडायला लागला. वाऱ्यात एक शब्द ऐकू येईना, पण मला कळलं. मी हात हलवला, काही नाही, काही नाही, जा पुढे. त्याला वाटलं, मला ऐकू गेलं नाही. तो आणखी बाहेर झुकला.

"बस," नवरा म्हणाला. एवढंच म्हणाला.

वळणावरून समोर बस आली होती. नवऱ्याने ब्रेकवर उभं राहून टेम्पो थोपवला. मागे गोधड्यांतले बोर्ड दणकन आदळले. ट्रक आमच्या तोंडासमोरून डावीकडे वळला, रस्ता सोडून खाली उतरला आणि ड्रायव्हरच्या बाजूने कडुलिंबाच्या खोडावर बसला. बस थोडी पुढे जाऊन थांबली. केळीचे घड उतारावर घरंगळत राहिले, आणि तो आवाज थांबला तेव्हा सगळं एकदम शांत झालं.

खिडकीतला माणूस स्वतःहून उतरला. तो ड्रायव्हरचा थोरला भाऊ होता. त्याला खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. ड्रायव्हरचा पाय मात्र चेपलेल्या पत्र्यात अडकला होता. बसमधल्या आणि शेतातल्या माणसांनी पहार घालून दार उचकटलं आणि त्याला बाहेर काढलं. तोवर आम्ही दोघांनी बोर्ड उतरवून शेताच्या बांधाला टेकवले. शेतकऱ्याने न विचारताच बोर्डांची राखण अंगावर घेतली, "जा तुम्ही, मी शे आठे." गोधड्या आत पसरल्या आणि ड्रायव्हरला त्यांवर निजवलं. त्याचं डोकं मी मांडीवर घेतलं. नवऱ्याने आणि त्या भावाने मिळून दारं लावली. भावाचे हात त्या चित्रावरच होते, पण फट मिटेपर्यंत त्याची नजर आत, धाकट्यावर होती. त्याला दुसरं काहीच दिसलं नाही.

धुळ्याच्या अलीकडे ड्रायव्हरने डोळे उघडले. माझ्याकडे बघून म्हणाला, "डबा पडना का, ताई?"

मी त्याच्या कपाळावरचा घाम पुसला. त्याने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "नाही भाऊ. वाचला."

त्याने डोळे मिटले.

सरकारी दवाखान्यात त्याला आत नेलं. मांडीचं हाड मोडलं होतं, जिवाला धोका नव्हता. थोरला भाऊ दाराशीच भिंतीला टेकून बसला. आम्ही बाहेर टेम्पोजवळ आलो. नवऱ्याने सीटखालून काळ्या रंगाचा डबा काढला आणि झाकण उचकटायला लागला.

"काय करताय?"

"पोलीस येतील आता."

"येऊ द्या. आत्ता रंग मारला तर ओला दिसेल. मग काय सांगाल?"

"मग काय सांगायचं, ते तू सांग," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण इतक्या वर्षांत तो माझ्याशी तसा बोलला नव्हता. मी त्याच्या हातातून डबा काढून घेतला. तेवढ्यात हवालदार आलाच. त्याच्याबरोबर थोरला भाऊही बाहेर आला.

हवालदार टेम्पोच्या मागे गेला आणि एकदम पुढे वाकला. दोन्ही हात पसरून तो डबा सावरायला गेला आणि बोटं पत्र्यावर आपटली. क्षणभर तो तसाच राहिला. मग हसायला लागला.

"अरे वा. मलाच फसवलं की. कोणी काढलं हे?"

"मी," मी म्हणाले.

"फार छान," तो म्हणाला. "अगदी खरा वाटतो."

थोरला भाऊ पुढे आला. त्याने आपला तळवा डब्यावर ठेवला. मग सावलीवर, मग त्या ओघळावर. रंग खरोखर लागतो का, हे बघत असल्यासारखा त्याने तळवा उलटून पाहिला. नवरा जमिनीकडे बघत होता.

"हं, तर कसं झालं?" हवालदाराने थोरल्या भावाला विचारलं.

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "आम्ही पुढे जात होतो. समोरून बस आली. भावाने गाडी खाली घेतली."

"आणि हे?" हवालदाराने आमच्याकडे बोट केलं.

"यांनीच आणलं दवाखान्यात."

हवालदार गेल्यावर तो जवळ आला. आता तो त्याच्या बोलीत बोलला. "हाई कसाले काढं?"

"लोकांनी बघावं म्हणून," मी म्हणाले. दुसरं काही सांगता आलं नसतं.

"देखं ना मंग," तो म्हणाला. "आम्हीबी देखं. मीच त्याले सांगं, गाडी पुढे घे, त्यासले सांगू." डोळे पुसून तो म्हणाला, "त्याले सांगू नका. त्याले वाटस, त्यानी डबा वाचाडा."

शेठचे बोर्ड दुसऱ्या दिवशी उशिरा पोचले. उद्घाटन बोर्डाविनाच, कोऱ्या कपाळाने झालं. शेठ वाईट बोलला नाही, पण पुन्हा त्याने आम्हाला बोलावलं नाही. जळगावात परतल्यावर मी दारं घासली आणि सगळी एका रंगात रंगवून टाकली. अक्षरं नवऱ्याने काढली, साधी, काळी. गल्लीतली माणसं विचारायची, डबा कुठे गेला? आम्ही म्हणायचो, रंग उडाला.

ड्रायव्हरला भेटायला आम्ही त्याच्या गावी जाऊ लागलो. धुळ्यापासून आत, कच्च्या वाटेने. तो ओट्यावर पाय लांब करून बसलेला असायचा, आणि आम्ही गेलो की शेजारच्यांना बोलावून डब्याची गोष्ट सांगायचा. डबा कसा कलला होता, रंग कसा सांडायला आला होता, बाई आत पाठमोरी बसलेली, तिला पत्ताच नाही. प्रत्येक वेळी तो डबा आणखी थोडा खाली यायचा. लोक माझ्याकडे बघून मान हलवायचे. थोरला भाऊ चहा घेऊन यायचा आणि माझ्याकडे बघायचं टाळायचा.

एकदा त्यांची म्हातारी आई माझा हात हातात घेऊन म्हणाली, "माझ्या लेकाने तुमचं नुकसान वाचवलं, बाई, त्याचा पाय गेला तरी हरकत नाही." ते मला ऐकवेना. मी ड्रायव्हरकडे वळून सांगितलं. डबा नव्हता. दारं बंद होती. मी काढलेलं चित्र होतं ते.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने आपल्या पायाकडे बघितलं आणि हळूहळू तोंड भिंतीकडे फिरवलं. आई काय झालं म्हणून विचारत राहिली. थोरला भाऊ आम्हाला टेम्पोपर्यंत सोडायला आला.

"मी तुमले सांगेल व्हतं ना," तो म्हणाला.

"मला जमलं नाही, दादा."

त्याने मान हलवली. रागावला की समजला, मला आजही सांगता येणार नाही. त्यानंतर आम्ही गेलो नाही. निरोप पाठवला तरी उत्तर आलं नाही. नवरा एका शब्दाने मला दोष देत नव्हता आणि त्याने आणखी जड व्हायचं. मी चित्रं काढायची जवळजवळ सोडली. बोर्डाच्या कडेला वेलबुट्टी, एवढंच.

पुढच्या उन्हाळ्यात, दुकानात गर्दी असताना, ड्रायव्हर दारात उभा दिसला. एकटाच, काखेत पत्र्याचा तुकडा. पाय ओढत आत आला. नवरा उठून उभा राहिला. ड्रायव्हरने पत्रा टेबलावर ठेवला.

"ट्रक नाही चालवता येत आता," तो म्हणाला. "हायवेला पंक्चरचं दुकान टाकलंय. बोर्ड पाहिजे."

"काय काढू?" मी विचारलं.

"चित्र नको. अक्षरं. लांबथून दिसाले पाहिजे."

नवऱ्याने अक्षरं आखायला सुतळी घेतली, तर तो म्हणाला, ताईंना काढू द्या. मी कोरा पत्रा पिवळा केला. उन्हात रंग वाळेपर्यंत तो बाकावर बसून राहिला, चहा आला तो प्यायला. मग मी काळी अक्षरं भरायला लागले. 'पंक्चर' लिहून झाल्यावर त्याने पत्रा दाराला टेकवायला लावला आणि रस्ता ओलांडून तो पलीकडे गेला. रिक्षा-सायकलींमधून डोळे बारीक करून बघत राहिला. परत आला आणि म्हणाला, "'प' जाड करा. ट्रक जोरात राहतो, ताई. तेवढा वेळ नसतो वाचाले."

मी 'प' जाड केला. तो पुन्हा पलीकडे गेला, आणि या वेळी तिथूनच हाताने सांगितलं, बरोबर आहे.