उरलेला एकच शब्द

"स्ट्रोक आहे. बोलण्यासाठी शब्द जिथे जुळतात, मेंदूच्या त्या भागाचा रक्तपुरवठा अडला," डॉक्टर माझ्या बायकोला, सुशीलाला, सांगत होत्या. "याला अफेझिया म्हणतात. त्यांना समजतंय सगळं, पण बोलायला शब्द सापडत नाहीत. किती परत येतील, आज नाही सांगता येणार."

मला खरंच सगळं समजत होतं. वॉर्डाचा हिरवा पडदा हलत होता, छतावर उजेड डुलत होता आणि मी त्याखाली तरंगत होतो. भीती एकच होती. आमच्या चर्चच्या मंडळीची प्रार्थनासभा दर शुक्रवारी कुणाच्या तरी घरी भरते आणि शेवटची प्रार्थना माझी असते, चांगली ऐसपैस. "तुमचं आमेन येईस्तोवर चहाचं सरबत होतं," ही सुशीलाची नेहमीची तक्रार. आता ती प्रार्थना मी कशी करणार?

चर्चच्या मासिकात अंतरीच्या साधेपणावर माझी लेखमाला चालू होती. कपाटात दोनच सदरे, साधं जेवण, कमी गरजा, सगळं लिहून झालं होतं.

एमआरआय झाला, म्हणजे बोगद्यासारख्या यंत्रात निजवून मेंदूची चित्रं काढली. मग स्पीच थेरपी, म्हणजे बोलण्याची शिकवणी. बाई केळ्याचं चित्र दाखवायच्या, मी म्हणायचो, "ये." चष्म्यालाही "ये." रडूच यायचं. तुमच्या घरात कुणावर ही वेळ आली, तर त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. नुसते थांबा. सुशीला थांबली, तिचे उपकार फिटायचे नाहीत.

एका दुपारी गुंगीत प्रार्थना करू लागलो. परमपवित्र, सर्वसमर्थ, कृपासागर, काही म्हणता काही हाताला लागेना. "ये," एवढंच आलं. आणि मला दुसरं काही म्हणायचंही नव्हतं. एरवी माझ्यातलाच एकजण बाजूला उभा राहून माझी प्रार्थना ऐकत असतो. त्या दुपारी तो नव्हता. आत मी होतो आणि देव होता. साधेपणा म्हणजे हे, असं वाटलं आणि फार बरं वाटलं.

घरी आल्यावरची पहिली सभा आमच्याकडेच, धायरीला झाली. शेवटी चर्चच्या पाळकसाहेबांनी सवयीने मला खूण केली आणि जीभ चावली. मी हात जोडले, डोळे मिटले.

"ये."

मग स्वयंपाकघराच्या दारातून सुशीलाचं "आमेन" आलं.

तिने चहाचा कप माझ्या हातात दिला. "घ्या, आज पहिल्यांदाच गरम आहे," म्हणाली आणि पदराने डोळे पुसत आत गेली.