खामवाडीच्या विहिरीची नोंद

वैजनाथराव चौसाळकर भूजल खात्यात तेहेतीस वर्षं होते, आणि त्या तेहेतीस वर्षांत त्यांनी मुख्यतः एकच काम केलं. विहिरीत टेप सोडायचा, पाणी किती खोल आहे ते पाहायचं आणि लिहायचं. विहिरी ठरलेल्या, महिने ठरलेले. टेपच्या टोकाला खडू फासलेला असे, म्हणजे ओल कुठपर्यंत चढली ते वर काढल्यावर नीट कळतं. मोजण्याआधी गावातल्या कुणाला तरी तीन प्रश्न विचारायचे, हा त्यांचा शिरस्ता. काल मोटार चालली का, आज उपसा किती झाला, आणि विहिरीत वरून काही पाणी पडलं का. उत्तरं मिळाल्याशिवाय ते टेपला हात लावत नसत. बरोबरचे लोक कंटाळून जीपमध्ये जाऊन बसत.

ते २०१० साली निवृत्त झाले. २०१२ चा पावसाळा जवळजवळ कोरडाच गेला. शहरात नळाला तीन-चार दिवसांआड पाणी येऊ लागलं आणि तरीही जालना रोडच्या दोन्ही अंगांना इमारती उठतच होत्या. सकाळी फिरायला गेलं की वैजनाथरावांना माहितीतली एखादी विहीर दिसेनाशी झालेली असे. कालपर्यंत तिथं कठडा होता, आज मुरूम टाकून सपाट केलेलं, उद्या तिथं गाड्या लागणार. घरी बसून त्यांना चैन पडेना. त्यांनी माळ्यावरून जुना टेप काढला आणि स्कूटरवरून एकेक विहीर पुन्हा मोजायला सुरुवात केली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं.

त्यांची मुलगी स्वरदा पुण्यात नोकरीला. दिवाळीत ती आली आणि वहीतल्या त्या नोंदी पाहून तिनं त्यांना ब्लॉग काढून दिला. त्याचं नाव ठेवलं ‘पाण्याची पातळी’. मराठीत टाइप कसं करायचं तेही शिकवलं. वैजनाथरावांची पहिली नोंद अशी होती: ‘चिकलठाणा, जुनी गावविहीर. पाणी जमिनीपासून अठ्ठेचाळीस फूट. तीन वर्षांपूर्वी याच दिवसांत एकतीस. पूर्वेला नव्या सोसायटीची चार बोअर. कठड्याचे दगड काढून नेलेले आहेत.’ पुढच्या नोंदीही साधारण तशाच.

“हे कुणी वाचतं का हो?” एकदा त्यांच्या पत्नीनं, सरोजिनीबाईंनी विचारलं.

“चौदा जण वाचतात.”

“आमच्या भिशीत वीस बायका आहेत,” एवढं म्हणून त्या भाजी निवडायला बसल्या.

चौदा वाचकांचं वैजनाथरावांना वाईट वाटत नव्हतं. त्यात दोन जुने सहकारी होते, आणि एक शारजात काम करणारा माणूस होता, जो आपल्या गावच्या विहिरीची नोंद कधी येते म्हणून वाट पाहत असे. लिहिणं हे आपलं काम नाही, अशीच त्यांची समजूत होती. शाळेत निबंधाला त्यांना नेहमी काठावरचे मार्क. आकडा लिहिला की तो खरा की खोटा एवढाच प्रश्न राहतो, आणि त्याचं उत्तर त्यांना देता येत होतं.

पण स्वरदाला ते पटत नव्हतं. “बाबा, नुसते आकडे कोण वाचणार?” ती फोनवर म्हणाली. “तिथली माणसं लिहा, ती काय बोलतात ते लिहा. तुम्हाला काय वाटतं ते लिहा.”

“मला ते जमत नाही गं.”

“एकदा लिहून तर बघा.”

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ते सिल्लोड रोडवरच्या एका फाट्यावर एसटीतून उतरले आणि आत तीन किलोमीटर चालत खामवाडीला गेले. वाटेत लागलेल्या सगळ्या विहिरी कोरड्या. एका विहिरीत तर तळाशी शेळ्या सावलीला बसलेल्या. खामवाडीत पोचले तेव्हा दहा वाजले होते. मारुतीच्या देवळामागं गावची विहीर होती, आणि तिच्यात पाणी होतं. चांगलं पुरुषभर पाणी. काठावर चिखल झालेला, दगड ओलेचिंब, आणि एक म्हातारी शांतपणे शेंदत उभी होती. तिचं नाव वच्छलाबाई. तिनं यांचा घामेजलेला चेहरा बघून तांब्या पुढं केला.

“पाणी हाय बगा. प्या,” ती म्हणाली. एवढंच बोलली.

वैजनाथराव पाणी प्यायले आणि त्यांना भरून आलं. स्वरदाचं बोलणं डोक्यात होतंच. टेप त्यांनी एकदा सोडला खरा, पण डोक्यात वाक्यं जुळायला लागली होती, आणि तशी वाक्यं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच सुचत होती. ती विसरू नयेत म्हणून ते घाईनं निघाले. तीन प्रश्न त्या दिवशी विचारले गेले नाहीत.

लेखाचं नाव ‘जिवंत विहीर’. त्यात लिहिलं होतं की भोवतालचा मुलूख जळत असताना खामवाडीची विहीर अजून श्वास घेते आहे, आणि काठावरची ओल ही तिच्या जिवंतपणाची खूण आहे. शेवटी होतं: ‘वच्छलाबाई म्हणाल्या, ही विहीर आमची माय आहे, ती आम्हाला तहानलेलं ठेवणार नाही.’

चार दिवसांत तो लेख अकरा हजार लोकांनी वाचला. एका वर्तमानपत्रानं रविवारच्या पुरवणीत छापला. ओळख नसलेल्या माणसांचे फोन आले, एक बाई तर फोनवर रडल्या. वैजनाथराव दिवसातून पाच-सहा वेळा संगणक उघडून प्रतिक्रिया वाचू लागले. सरोजिनीबाईंनी तो लेख भिशीत वाचून दाखवला. सिडकोतल्या एका वाचक मंडळाचे आप्पासाहेब स्वतः घरी आले. मंडळानं वैजनाथरावांचा सत्कार करायचं ठरवलं होतं. शाल, श्रीफळ, आणि एक शिक्षिका ‘जिवंत विहीर’ वाचून दाखवणार. पुढच्याच रविवारी.

मंगळवारी दुपारी फोन वाजला.

“चौसाळकर सायेब का?”

“हो, बोलतोय.”

“म्या कडुबा. खामवाडीहून. आमच्या विहिरीचं तुमीच लिवलं ना?”

“हो, मीच. वाचलंत का? आवडलं?”

“आवडलं म्हणजी कसं सांगू. तुमी आलते ना, त्या दिशी सकाळी आठला टँकर रिकामं झालं व्हतं विहिरीत. तेच पाणी पिले तुमी.”

दुष्काळात टँकर बऱ्याच गावांत विहिरीतच ओततात. गावाला टाकी नसते, आणि विहिरीत ओतलं की ज्याला त्याला आपापलं शेंदता येतं. हे वैजनाथरावांना माहीत नव्हतं असं नाही. तिसरा प्रश्न त्यासाठीच होता.

“दोन खेपा येत व्हत्या दिवसाला,” कडुबा सांगत होता. “आता एकच येती. तालुक्याला गेलो तर सायबानं पेपरचं कात्रण दावलं. म्हणले, तुमच्या गावात तर जिवंत विहीर हाय, तुमाला काय कमी. आन माय तर मलाच बोलायली. म्हणती, म्या कवा म्हणले विहीर माय हाय म्हणून?”

“वच्छलाबाई तुमच्या आई?”

“व्हय. लई तापलीय ती.”

वैजनाथरावांनी फोन ठेवला. काठावरची ओल त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना. टँकरच्या पाइपातून सांडलेलं पाणी. खात्यात नव्यानं लागलेल्या पोरालाही कळलं असतं.

संध्याकाळी त्यांनी स्वरदाला फोन केला. ती म्हणाली, “बाबा, सरळ काढून टाका तो लेख. आठवड्यात लोक विसरतील.”

“काढला तरी तालुक्याच्या फायलीतलं कात्रण तसंच राहणार.”

“मग हळूच दुरुस्त करा. ती एक ओळ बदला.”

“हळूच कशी बदलू? अकरा हजार जणांनी वाचलंय.”

आप्पासाहेबांना त्यांनी समक्ष जाऊन सांगितलं. आप्पासाहेब मोठ्यानं हसले. “अहो चौसाळकर, ते ललित लेखन आहे. त्याला फूटपट्टी कोण लावतं? पत्रिका वाटून झाल्या आहेत. रविवार होऊन जाऊ द्या, सोमवारी काय लिहायचं ते लिहा.”

परत येताना वैजनाथरावांना स्वतःचीच लाज वाटत होती, कारण आप्पासाहेबांचं बोलणं त्यांना आवडलं होतं. त्यांना तो सत्कार हवा होता. निवृत्तीच्या वेळी त्यांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं होतं आणि भाषणात साहेबांनी त्यांचं नाव चुकवलं होतं. आता कुठं चार लोक त्यांना लेखक म्हणत होते. बुधवारी त्यांनी संगणकावर चार ओळींची कबुली लिहिली, आणि ती तशीच ठेवून बाहेर फिरून आले. गुरुवारी पुन्हा उघडली, पुन्हा बंद केली. मध्येच ‘जिवंत विहीर’ वाचून पाहिला. लेख छानच होता. पण वाचताना वाटे, हे दुसऱ्याच कुणीतरी लिहिलं आहे, ज्यानं ती विहीर पाहिलीच नाही.

“जेवायचं नाही का?” सरोजिनीबाई दारात येऊन म्हणाल्या.

“भिशीत तुमच्या मैत्रिणींना सांगावं लागेल. लेख चुकीचा होता म्हणून.”

“सांगेन की. मागच्या महिन्यात मी साबुदाणा खारट केला होता, तेव्हाही त्याच होत्या.” मग त्या म्हणाल्या, “आधी त्या बाईला जाऊन भेटा. तिच्या तोंडी घातलंय तुम्ही. माझ्या तोंडी कुणी असं घातलं असतं ना, तर मी घरी येऊन विचारलं असतं.”

शुक्रवारी वैजनाथराव पहिल्या एसटीनं निघाले. खामवाडीत पोचले तेव्हा टँकर यायचा होता. विहिरीभोवती हंडे रांगेत लावून बायका बसल्या होत्या. वच्छलाबाईंनी त्यांना लांबूनच ओळखलं.

“आले का? आता काय लिवता? विहीर बाप हाय म्हणून?”

बायका हसल्या. वैजनाथराव हात जोडून उभे राहिले. “चुकलं माझं. तुम्ही बोलला नव्हता ते मी लिहिलं. विचारायला हवं होतं तेही विचारलं नाही. आज विचारतो.”

“इचारा.”

त्यांनी तिन्ही प्रश्न विचारले आणि उत्तरं वहीत उतरवली. मोटार नाही. कालची एक खेप संध्याकाळपर्यंत शेंदून संपली. त्यानंतर वरून काही पडलं नाही. मग त्यांनी खडू फासलेला टेप सोडला. पाणी एक फूट दोन इंच, तेही गढूळ. बायकांपैकी एकीला ते पटलं नाही. तिच्या मते वीतभरसुद्धा नव्हतं. वैजनाथरावांनी टेप पुसला, पुन्हा खडू फासला आणि वरचं टोक तिच्याच हातात दिलं. एक फूट दोन इंच. तिनं मान हलवली.

देवळाच्या पायरीवर बसून त्यांनी नोंद लिहिली. वच्छलाबाईंची सून सायली बारावी झालेली होती. वैजनाथरावांनी वही तिच्या हातात दिली. “सगळ्यांना वाचून दाखव. चुकलं असेल तिथं थांबव.”

सायलीनं वाचलं. आधीच्या लेखातलं पाणी टँकरचं होतं आणि लिहिणाऱ्यानं चौकशी केली नव्हती. वच्छलाबाईंच्या नावावरचं वाक्य त्या बोललेल्या नव्हत्या. आज टँकर येण्याआधी पाणी एक फूट दोन इंच. गावात एकशे दहा उंबरे. ‘गावकऱ्यांची अवस्था दयनीय आहे.’

“दयनीय म्हणजी?” वच्छलाबाईंनी विचारलं.

“म्हणजे, दया यावी अशी. बिचारे,” वैजनाथराव म्हणाले.

“बिचारे कशापायी? आमी काय कुणाच्या दारात उभं राह्यलो का? दुसरी खेप पायजे. एवढंच लिवा.”

त्यांनी ते वाक्य खोडलं आणि लिहिलं: ‘गावाला दिवसाला दोन खेपा लागतात.’ सायलीनं पुन्हा वाचलं. या वेळी कुणी थांबवलं नाही.

नोंद त्याच दुपारी ब्लॉगवर गेली, ‘जिवंत विहीर’च्याही वर, मोठ्या अक्षरांत. एक प्रत त्यांनी वर्तमानपत्राला पाठवली, एक स्वतः तालुक्याच्या कचेरीत देऊन पोच घेतली. शनिवारी आप्पासाहेबांचा फोन आला. मंडळाच्या काही अडचणीमुळं सत्कार पुढं ढकलला होता. कधी, ते त्यांनी सांगितलं नाही. वैजनाथरावांनी विचारलंही नाही. फोन ठेवल्यावर त्यांना वाईट वाटलं, आणि ते दोन-तीन दिवस टिकलं. वर्तमानपत्रानं दुरुस्ती पाचव्या पानावर छापली. ब्लॉगवर काही जणांनी लिहिलं की तुम्ही आमची फसवणूक केली. वैजनाथरावांनी प्रत्येकाला उत्तर दिलं, ‘आपलं म्हणणं बरोबर आहे.’ महिन्याभरात वाचक कमी होत होत एकतीसवर आले.

मेच्या पहिल्या आठवड्यात खामवाडीची दुसरी खेप सुरू झाली. कडुबानं फोन करून कळवलं. “तुमच्या कागदानं झालं का बायका हंडे घेऊन तालुक्याला गेल्या त्यानं झालं, म्हायती नाय. माय बोलती म्हणती, देऊ का?”

“द्या ना.”

वच्छलाबाईंनी फोन घेतला. ख्यालीखुशाली झाली, सरोजिनीबाईंची चौकशी झाली. वैजनाथराव वही पुढं ओढून म्हणाले, “बाई, आज पाणी किती आहे विहिरीत? नोंद करून ठेवतो.”

“म्या सांगंन पाच फूट, आन तुमी लिवताल,” वच्छलाबाई म्हणाल्या. “या आन मोजा.”