मागच्या खोलीतला गार नळ

पार्लरमध्ये सगळ्या जणी तिला ठिणगी म्हणायच्या. अंगाने काडी, उंची जेमतेम बेसिनला पुरेल एवढी, पण कोणी वाकडं बोललं की जागच्या जागी भडकणार. तिचं काम बायकांचे केस धुवायचं. तिची बोटं डोक्याला लागली की बायकांचे डोळे आपोआप मिटायचे. एक बाई तर खुर्चीत पडल्या पडल्या चक्क घोरायला लागली होती.

केस धुऊन झाले की ओल्या टॉवेलांचा ढीग उचलून ठिणगी मागच्या खोलीत जायची आणि ते हाताने घासायची. मशीन होतं, पण केसांच्या रंगाचे डाग मशीनमध्ये निघत नाहीत असं मालकिणीचं म्हणणं. पुढच्या बेसिनला गिझर होता. मागच्या नळाला थेट गच्चीवरच्या टाकीतलं पाणी यायचं.

त्या वर्षी थंडीने कहर केला. टाकीतलं पाणी असं यायचं की हाताला सुया टोचल्यासारख्या वाटाव्यात. आधी ठिणगीचे हात पांढुरके, कोरडे झाले. मग खाज सुटली. मग पेरांवर बारीक चिरा पडल्या आणि बघता बघता हात चांगलेच उलले. अंगठ्याजवळची भेग तर एवढी खोल की मीठ चिमटीत धरलं की डोळ्यांत पाणी यायचं. घरी गेल्यावर ती कढत पाण्यात हात बुडवून बसायची. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, सकाळी हात आणखी ताठ.

एका सकाळी एक नेहमीची बाई केस धुवायला बसली. ठिणगीने शॅम्पू लावून बोटं फिरवली, तशी ती ताडकन उठून बसली.

"अगं, हात आहेत की किसणी? केस अडकतायत माझे!"

मालकीण काउंटरवरून धावत आली. तिच्या मागे हँडक्रीमच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या आणि वर एका गोऱ्यापान हातांचं मोठं चित्र. तिने ठिणगीचे हात उलटेपालटे करून बघितले, एखादी बुरशी आलेली भाजी बघावी तसे.

"शी! असे हात गिऱ्हाइकाच्या डोक्याला लावतेस? उद्यापासून पुढे यायचं नाही. मागे बस आणि फक्त टॉवेल धू."

ज्या पाण्याने हातांची ही दशा केली, त्याच पाण्यात आता दिवसभर हात घालायचे! तोंडाशी आलेलं ठिणगीने कसंबसं गिळलं, कारण बाईच्या डोक्यावर फेस तसाच होता आणि तो डोळ्यांत उतरला असता.

घरी मात्र तिने सगळं बाहेर काढलं. नवरा म्हणाला, "एवढा त्रास आहे तर सोड ना ती नोकरी."

"मी का सोडू? चूक माझी आहे का? नळ गार त्यांचा आणि घरी बसायचं मी?"

"अगं, मी तुझ्याच भल्यासाठी म्हणतोय."

"माझं भलं करायचं असेल तर ती भांडी घासा!"

तो उठला आणि भांड्यांपाशी गेला. सासूबाईंनी तिचा हात मांडीवर घेतला आणि म्हणाल्या, "भांडायचं ते उद्या भांड. आधी डॉक्टरला दाखव. हे नुसतं तेल लावून जायचं नाही."

डॉक्टर तरुण होता आणि बाहेर गर्दी होती. त्याने हात बघितले आणि म्हणाला, "पाण्यात हात घालू नका."

"मग काय पायाने धुऊ?"

डॉक्टरने पेन खाली ठेवलं आणि तो हसला. "माझंच चुकलं. काम काय करता तुम्ही?"

तिने सांगितलं, तेव्हा त्याने खुर्ची पुढे ओढली आणि नीट समजावलं. पाणी गार नको आणि कढतही नको, कढत पाण्याने कातडीतलं उरलंसुरलं तेल निघून जातं. कोमट हवं. टॉवेल धुताना रबरी हातमोजे आणि त्यांच्या आत सुती मोजे, कारण नुसत्या रबरात घाम येऊन चिरा चिघळतात. हात पुसताना चोळायचे नाहीत, टिपायचे. जरा ओलसर असतानाच मलम लावायचं, म्हणजे ओल आत राहते. सुवासिक काही नको, ते उललेल्या कातडीला झोंबतं. झोपताना पेट्रोलियम जेलीचा जाड थर द्यायचा.

"पण ताई," तो म्हणाला, "गार पाणी सुटलं नाही तर मलमाचा काही उपयोग नाही."

दुसऱ्या दिवशी ठिणगीने हे शब्द जसेच्या तसे मालकिणीपुढे ठेवले. मागे कोमट पाणी हवं आणि हातमोजे हवेत.

"थंडी काय तुला एकटीलाच आहे?" मालकीण म्हणाली. तिने ड्रॉवरमधून गुलाबी क्रीमची नमुन्याची पुडी काढून पुढे सरकवली. "हे लाव. जरा स्वतःकडे बघायला शीक. बाई म्हटलं की हात तरी नीट असावेत."

ठिणगीची कानशिलं तापली. स्वतःकडे बघायला शीक! तिने पुडी काउंटरवर तशीच ठेवली, मागे जाऊन बादली आणली आणि भर पार्लरमधून पुढच्या बेसिनपाशी जाऊन गिझरचा नळ सोडला. बादली भरली, पाणी हिंदकळत मागे नेलं. थोड्या वेळाने परत आली. परत भरली. खुर्च्यांवरच्या बायका पाय वर उचलून घ्यायला लागल्या.

"हे काय चाललंय?" मालकीण दात आवळून म्हणाली. "बादली आधी आत ने!"

"गरम पाणी मागे येत नाही मॅडम, म्हणून मी पुढे येते."

तेवढ्यात बेसिनवरून एक निवृत्त शिक्षिका उठल्या. डोक्याला फेस, खांद्यावर टॉवेल. "मागे खरंच एवढं गार पाणी आहे?" असं म्हणत त्या तशाच आत गेल्या. नळ सोडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ, "आई गं!"

त्या बाहेर आल्या त्या हात काखेत घालूनच. "मालकीणबाई, या पाण्यात तुम्ही स्वतः एक टॉवेल धुऊन दाखवा. मी थांबते इथे."

मालकिणीचा चेहरा पडला. सगळं पार्लर तिच्याकडे बघत होतं. केस कापणारीची कात्रीसुद्धा थांबली होती. "उद्याच प्लंबरला बोलावणार होते मी," ती पुटपुटली.

प्लंबर खरोखरच आला. त्याने गिझरपासून मागच्या खोलीपर्यंत पाइप नेला, भिंतीला एक भोक पाडलं, नळ बसवला, चहा प्यायला आणि गेला. सकाळीच उरकलं सगळं. ते बघून ठिणगीचा राग कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झाला. एवढंसं काम! एवढ्याशा कामासाठी तिने हिवाळाभर हातांतून रक्त काढलं होतं, आणि तिच्या आधी जी बाई होती तिनेही. ती बाई हात सुजून काम सोडून गेली होती, आणि तेव्हा ठिणगीसकट सगळ्यांनी तिला नाजूक ठरवलं होतं.

हातमोजे मिळाले, सुती मोजे सासूबाईंनी जुन्या बनियनचे शिवून दिले. मलम लावायचं ती चुकवत नव्हती. चिरा हळूहळू भरत आल्या, पेरं वळायला लागली. अंगठ्याजवळची भेग सगळ्यांत शेवटी मिटली. मग मालकिणीने तिला पुन्हा पुढे बोलावलं, कारण बायका तिलाच विचारत होत्या.

एक दिवस नवीन आलेल्या गिऱ्हाइकाला मालकीण सांगत होती, "आमच्याकडे मुलींची फार काळजी घेतो आम्ही. मागेसुद्धा गरम पाणी दिलंय."

ठिणगी केस धूत होती. तिने फेसाचे हात वर केले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "दिलं नाही मॅडम, मागून घेतलं. तेही बादली घेऊन."

मालकिणीला अचानक फोन करायचं सुचलं आणि ती बाहेर गेली. केस कापणारी तोंडावर हात धरून हसली. ठिणगी मात्र हसली नाही. तिने कोमट पाणी सोडलं आणि बाईच्या डोक्यावरचा फेस नीट धुऊन काढला.